गोळी स्वस्त झाली, पाय कोण बघणार?

मार्च २०२५मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या औषधाचं भारतातलं पेटंट संपलं आणि साठ रुपयांच्या घरातली गोळी बघता बघता दहाच्या आसपास आली. चांगलंच झालं. पण आपल्याकडे मधुमेहाच्या खर्चावर वाद पेटतो तो याच गोळीवरून: ब्रँडेड की जेनेरिक? ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नावानेच, म्हणजे कंपनीच्या ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने, औषध लिहायला सांगितलं आणि त्याच महिन्यात तो नियम स्थगितही केला. इंग्लंडमध्ये बसून हे ऐकताना वाटतं, भांडण बिलाच्या चुकीच्या ओळीवर चाललंय.

इथे मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्याला औषधाचे पैसे पडत नाहीत; एक फॉर्म भरला की पाच वर्षांचं माफीपत्र मिळतं. 'तिकडे काय, सगळं फुकट' म्हणून विषय तिथेच संपतो. मोठा फरक मात्र पुढेच आहे. दवाखान्याच्या यादीत नाव असतं, म्हणून वर्षातून एकदा बोलावणं येतं: एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, पाय. डोळ्यांच्या पडद्याचे फोटो वेगळे. पेशंट विसरला तरी यादी विसरत नाही.

स्पेशालिस्टसाठी इथे ताटकळावं लागतं, हेही खरं. आपल्याकडच्या शहरांत सकाळी घरी येऊन रक्त नेतात आणि संध्याकाळी रिपोर्ट मोबाईलवर. पण बोलावणारं कोणी नाही आणि खर्च खिशातून. आरोग्य विमा बहुतेक वेळा अ‍ॅडमिट झाल्यावरच जागा होतो. पाय कापायचे पैसे मिळतात, तपासायचे नाहीत. वाद घालायचाच तर यावर घालावा.

पैसे वाचवायला एक जागा इथल्या नियमांत सापडते. फक्त मेटफॉर्मिन या नेहमीच्या गोळीवर असलेल्या टाइप टू पेशंटला इथे घरी शुगर मोजायच्या मीटरच्या पट्ट्या सहसा देत नाहीत. त्या गोळीने शुगर एकदम खाली जात नाही, आणि रोजचा उपाशीपोटीचा आकडा बघून उपचारात काही बदलत नसेल, तर ती पट्टी वाया गेली. इन्सुलिन असेल, किंवा गोळीच्या पाकिटावर मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइड लिहिलं असेल, तर गोष्ट वेगळी: तिथे शुगर घसरू शकते, पट्ट्या लागतातच. फक्त मेटफॉर्मिनवाल्यांनी ते पैसे लघवीतल्या अल्ब्युमिनच्या तपासणीकडे वळवावेत. क्रिएटिनिन वाढायच्या आधी मूत्रपिंडाची तक्रार बहुधा तिथे दिसते.

परदेशातल्या मुलांनी एक मोह टाळावा: इथून मीटर आणि इन्सुलिन आई-बाबांना नेऊन देण्याचा. इंग्लंडचा मीटर वेगळ्या एककात बोलतो. त्यावर ११ आलं तर आपल्याकडचा आकडा काढायला १८ने गुणायचं, म्हणजे जवळजवळ २००. इन्सुलिनचं तर त्याहून वाईट. भारतात ह्यूमन इन्सुलिनच्या बाटल्या सहसा मिलिलिटरला ४० युनिटच्या, इथल्या १०० युनिटच्या. घरातल्या लाल टोपणाच्या ४०च्या सिरिंजमध्ये इथलं इन्सुलिन २०च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात. (बाटलीमागे बाटली ठेवून दोन देशांतल्या किमतींची तुलना करणारे मेसेजही इथेच फसतात. किंमत युनिटमागे बघावी.)

न्यायचंच असेल तर इथल्या इप्सविच शहरात निघालेली पायाची तपासणी न्यावी. तिला छदाम लागत नाही. पेशंटने आडवं होऊन डोळे मिटायचे, आणि स्पर्श कळला की 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. दुसऱ्याने तर्जनीचं टोक पायाच्या बोटांना एक-दोन सेकंद नुसतं टेकवायचं: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, शेवटी उजवं आणि डावं मधलं बोट. दाबायचं नाही, थोपटायचं नाही, आणि कळलं नाही म्हणून त्याच बोटाला पुन्हा हात लावायचा नाही. दुसऱ्यांदा दाब नकळत वाढतो. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श हुकले, तर संवेदना कमी झाली असं धरून पाय डॉक्टरांना दाखवावा. जाताना रोजची चप्पल पिशवीत घ्यावी, कारण न दुखणारी जखम अनेकदा तिच्याच पट्ट्याखाली सुरू होते.