नागीण वेटिंगवर आहे

इंग्लंडात आजारी पडायचं असेल तर सकाळी आठच्या आत पडावं. आठ वाजून पाच मिनिटांनी पडलात तर तो आजार उद्याच्या खात्यात जमा होतो.

आमच्या जीपीचा, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांचा, दवाखाना रेडिंगमधल्या आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं छप्पर दिसतं. पण दिसतं म्हणून उठून तिथे जायचं नसतं. गेलात तर काउंटरवरची बाई अत्यंत गोड आवाजात सांगते, "आठ वाजता फोन करा." तिच्यासमोर उभं राहून तिलाच फोन लावावा असं मनात येतं, पण इतकी वर्षं या देशात काढल्यावर माणूस तेवढा धीट राहत नाही.

तर रविवारी रात्री माझ्या डाव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली, आग आग व्हायला लागली. दिवसभर तिथे नुसतं ठणकत होतं, आता बारीक पाणीदार फोडांची रांग उठली होती. पाठीकडचा भाग मला दिसेना म्हणून नवऱ्याला फोटो काढायला सांगितला. तो इंजिनियर आहे. त्याने आकाराचा अंदाज यावा म्हणून फोडांशेजारी दहा पेन्सचं नाणं धरलं. ते गार नाणं लागल्यावर मी जी किंचाळले, त्याने फोटो हलला.

फोटो सवयीने आईला पाठवला. सांगलीत तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले असतील, पण माझी आई त्या वेळी उठून देवाच्या आधी व्हॉट्सॲप उघडते. दोन मिनिटांत व्हिडिओ कॉल.

"अगं, नागीण आहे ती! शेपटी कुठे आहे बघ आधी."

आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे: नागीण कमरेभोवती सरकत जाते आणि तिचं तोंड नि शेपटी एकमेकांना भिडली की माणूस खलास. आजी हे अशा सुरात सांगायची की खलास झालेली माणसं तिने स्वतः मोजली असावीत. त्यामुळे माझ्या नवऱ्याला त्या रात्री कुशीपासून बेंबीपर्यंतचं अंतर तपासत बसावं लागलं. आईने उपायही सांगितला, गेरू उगाळून लाव. रेडिंगमध्ये रात्री अकराला गेरू. बरं म्हटलं.

सकाळपर्यंत तो फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर गेला होता. तिथून मिरजेच्या मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर. आईने तर मोबाइल थेट आमच्या जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेला. तिथे नंबर लावायची पद्धत नाही, आत डोकं घालायची पद्धत आहे. डॉक्टर कुणाला तरी इंजेक्शन देत होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं, "नागीणच. गोळ्या लवकर सुरू करायला सांगा," म्हणाले आणि सुई बाहेर काढली. बाकावरच्या पेशंटांनीही फोटो पाहून घेतला आणि बहुमताने निदान मान्य केलं. भारत सरकारने मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनची, म्हणजे दुरून फोनवर इलाज करण्याची, नियमावली काढली. ती देशाबाहेरच्या सल्लामसलतीला लागू नाही, हे आईला सांगण्याची छाती माझ्यात नाही.

थोडक्यात, अर्ध्या सांगलीने माझी पाठ पाहिली होती. पाहायचे राहिले होते फक्त पाच मिनिटांवरचे डॉक्टर.

सोमवारी आठला मी नंबर फिरवला. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, डॉक्टरांना दाखवणं 5 जुलै 1948 पासून फुकट आहे आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीला रांग असणार, याबद्दल माझी तक्रार नाही. रेशनच्या रांगेत वाढलेली मुलगी मी. पण रेशनच्या रांगेत पुढे कोण आहे ते दिसतं, त्याच्याशी भांडता येतं. इथे एक रेकॉर्ड केलेली बाई सांगते, "रांगेत तुमचा क्रमांक तेविसावा," आणि व्हायोलिन सुरू होतं. मग विसावा. मग पंधरावा. मग पुन्हा व्हायोलिन. माझा नंबर लागला तेव्हा त्या दिवसाच्या वेळा संपल्या होत्या. "ऑनलाइन फॉर्म भरा ना," खरी बाई म्हणाली. ऑक्टोबर 2025 पासून इंग्लंडमधल्या जीपींना तो फॉर्म सकाळी 8 ते संध्याकाळी 6:30 उघडा ठेवावाच लागतो, साध्या दुखण्यांसाठी. या नियमाने आठची झुंबड संपेल असं म्हणतात. झुंबड करणारे आम्ही मात्र जुन्या वळणाचे आहोत.

फॉर्म उघडला. नाव, जन्मतारीख, उंची. वजन मी लग्नातलं लिहिलं. मग प्रश्न आला: छातीत दुखतंय का? आता फोड बरगडीलगत, बरगडी छातीत, आणि आई-वडिलांचे संस्कार. मी "हो" वर टिचकी मारली. पडदा लाल झाला. ताबडतोब 999 ला फोन करा, ॲम्ब्युलन्स बोलवा, हा फॉर्म पुढे भरता येणार नाही. मी घाबरून लॅपटॉपच मिटला.

दुसऱ्यांदा भरताना मी छाती, बरगडी, श्वास असले शब्द टाळून, आगीचा उल्लेखही न करता, कमरेच्या वरच्या अंगाला "थोडी अस्वस्थता" असल्याचं कळवलं. इतकं सौम्य दुखणं मला आयुष्यात कधी झालेलं नाही. शेवटी फोटो जोडायचा होता. जोडला, नाण्यासकट. दुपारी मेसेज आला: डॉक्टर तुम्हाला उद्या सकाळी 8 ते दुपारी 1 च्या दरम्यान फोन करतील, नंबर दिसणार नाही.

नागिणीच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झालेल्या बऱ्या, असं मी एव्हाना वाचलं होतं. घड्याळ चालू होतं, शेपटीही.

मंगळवारी ऑफिसात मी फोन छातीशी, म्हणजे उजव्या बाजूने, धरून वावरत होते. साडेनऊला नंबर नसलेला कॉल आला. मी स्टेशनरीच्या खोलीत पळाले, दार लावलं आणि "गुड मॉर्निंग डॉक्टर" म्हणून फोडांचा रंग, दिशा, रात्रीची झोप असं सगळं एका दमात सांगितलं. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे अलीकडे तुमचा मोटार अपघात झालेला नाही तर?" तो नुकसानभरपाईचे दावे मिळवून देणारा निघाला. पण ऐकून घेतलं हो त्याने. फोन ठेवताना लवकर बरे व्हा म्हणाला.

खरे डॉक्टर पावणेएकला आले. मागे वॉशिंग मशीन फिरत होतं, त्यावरून ते घरी असावेत. भला माणूस. जन्मतारीख, पत्त्याची पहिली ओळ वगैरे झाल्यावर म्हणाले, "फोटोत नाणं फारच स्पष्ट आलंय." बाकी सगळं धूसर होतं. मग मी कागदाच्या रिमांमध्ये उभी राहून, एका हाताने सदरा वर धरून, स्वतःच्या कुशीचं धावतं वर्णन केलं. त्यांनी विचारलं, पुरळ शरीराच्या मध्यरेषेपलीकडे जातंय का? नाही. मग त्यांनी समजावलं: लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो, पुढे कधीतरी जागा झाला की सहसा एकाच मज्जातंतूच्या पट्ट्यातून बाहेर येतो. तो पट्टा शरीराच्या एकाच अंगाला असतो, मध्यावर थांबतो.

म्हणजे नागिणीचं तोंड आणि शेपटी भिडणं शक्यच नाही! तीन पिढ्यांची भीती त्या माणसाने वॉशिंग मशीनच्या आवाजात संपवली. संध्याकाळी मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "तिकडच्या असतील तशा."

"हे कुणीतरी प्रत्यक्ष पाहायला हवं," डॉक्टर म्हणाले.

"येऊ का?" माझा आवाज कापरा झाला होता.

"नाही, नाही. फार्मसिस्ट पाहतील."

फार्मसी आणि दवाखाना यांच्यात एकच भिंत आहे. पलीकडे कुणी खुर्ची सरकवली तर ऐकू येतं. जानेवारी 2024 पासून इंग्लंडातले फार्मसिस्ट सात दुखण्यांवर जीपीशिवायच औषध देऊ शकतात, त्यात मोठ्या माणसांची नागीणही आहे. फार्मसिस्ट काका मूळचे नैरोबीचे गुजराती. त्यांनी मागच्या चिमुकल्या खोलीत नेलं, सदरा वर करायला सांगितला, बघितलं, चार प्रश्न विचारले आणि 800 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या. दिवसातून पाच वेळा, सात दिवस. 9 पौंड 90 पेन्स. भिंतीला टेकून बाहेर पडताना पलीकडचं व्हायोलिन ऐकू येतंय का, म्हणून मी कान दिला.

गोळ्या संपल्या, खपल्या धरल्या, भजनी मंडळाने सत्यनारायण सुचवला. मग एके दिवशी दवाखान्याचा मेसेज आला. म्हटलं आता अनुभवाला तारे द्यायला सांगतील. तसं नव्हतं. 40 ते 74 वयाच्या, तब्येत बरी असलेल्या लोकांची इथे पाच वर्षांतून एकदा तपासणी करतात: रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन. हे फोनवर होणार नाही, कृपया प्रत्यक्ष यावे. खाली वेळा दिल्या होत्या. सगळा आठवडा रिकामा. सोमवारी सकाळी आठ वाजतासुद्धा.

मी गुरुवार निवडला आणि आईला फोन केला. आत बोलावलंय म्हटल्यावर तिला भरून आलं.

"रिकाम्या हाताने जाऊ नकोस. चिवडा कर थोडा. पहिल्यांदाच भेटताय तुम्ही."

"आई, डॉक्टर नसतात गं त्याला. नर्स करते तपासणी."

ती क्षणभर थांबली.

"मग पावशेर पुरे."