दोष सेन्सरचा नाही, भावा!

पंचगंगा घाटावर त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागले, की रात्री तेच रडगाणं: "फोटोत दाणे आलेत, कॅमेऱ्याचा सेन्सर गंडलाय!" गंडलाय कशानं? सेन्सर प्रकाश टिपतो, आणि अंधारात प्रकाशच कमी. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जितके कमी, तितका त्यांचा चढउतार ठळक; तेच हे दाणे. आयएसओ ही कॅमेऱ्यातली सेटिंग सेन्सरला मिळालेला सिग्नल वाढवते, जास्तीचा प्रकाश आणत नाही. तरी १०० आयएसओला चिकटून काळाकुट्ट फोटो काढायचा आणि घरी येऊन उजळत बसायचं! मग दाणे नाहीत तर काय दिसणार?

आणि रंकाळ्यावर शटर ३० सेकंद उघडं ठेवून काढलेल्या प्रत्येक फोटोत त्याच जागी लाल ठिपका दिसला, की कॅमेराच विकायला काढायचा? हॉट पिक्सेल आहे तो, म्हणजे सेन्सरवरचा उगाच उजळणारा एक बिंदू! सेन्सर तापला की असे ठिपके वाढतात. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू केलं, की कॅमेरा शटर मिटून तेवढ्याच वेळाचा काळा फोटो घेतो आणि ठिपके वजा करतो. एकदा मेन्यू तरी उघड की!