आलेखाचं सार नको, आकडे द्या

निवडणुकीचा निकाल लागला की फेसबुकवर रंगीत आलेखांचा पाऊस पडतो. २०२४ च्या विधानसभेलाही पडला. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून फेसबुक ऐकणाऱ्या अंध माणसाला त्यातलं काय मिळतं? 'चित्र', आणि फार तर चित्रातली काही अक्षरं, तीही क्रम विस्कटून.

काही मंडळी आवर्जून अल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राला जोडलेलं शब्दांतलं वर्णन, लिहितात: 'विधानसभा निकालाचा स्तंभालेख'. म्हणजे पाकीट दिलं, पत्र ठेवून घेतलं. त्याहून मेहनती लोक सार लिहितात: 'महायुतीला प्रचंड बहुमत'. चुकीचं काहीच नाही. पण माझं भांडण या दुसऱ्या प्रकाराशीच जास्त आहे.

कारण ते सार तुमचं असतं. त्याच निकालात काँग्रेसला आणि शिंदेंच्या शिवसेनेला मतं जवळपास सारखीच, साधारण १२.४ टक्के. जागा मात्र एकाला १६, दुसऱ्याला ५७! (काँग्रेसने जागा जास्त लढवल्या होत्या, हेही त्यात आलंच.) डोळस माणूस मतांचा आणि जागांचा आलेख शेजारी ठेवून हे स्वतः हुडकतो, मग कमेंटमध्ये येऊन तुमच्याशी हुज्जत घालतो. अंध वाचकाला मात्र तुमच्या एका वाक्यावर विश्वास ठेवायचा, एवढंच उरतं. का म्हणून? हुज्जत त्यालाही घालता आली पाहिजे.

म्हणून अल्ट टेक्स्टमध्ये सार जरूर लिहा, पण सगळे आकडे पोस्टच्या मजकुरात टाका. पक्ष, जागा, मतं. एका ओळीत एक पक्ष. तक्त्याचा स्क्रीनशॉट नको, तोही शेवटी चित्रच.

रंगांचंही तेच. भाजपला भगवा, शिंदेसेनेला किंचित वेगळा भगवा, आणि कोपऱ्यात रंगांची बारीक सूची. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही किंवा ज्यांची नजर अधू आहे, त्यांनी काय करायचं? पक्षाचं नाव थेट स्तंभावर लिहिलं तर काय बिघडतं?

सरकारी कारभाराबद्दल तर बोलायलाच नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये माहिती सुगम स्वरूपात देण्याची जबाबदारी सरकारवर आहे. आणि होतं काय? एक्सेलमध्ये नीट बनवलेला तक्ता आधी छापायचा, त्यावर सही-शिक्का मारायचा, मग तो तिरका स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवायचा. मूळ एक्सेल फाईल त्याच कॉम्प्युटरवर पडलेली असते. पीडीएफशेजारी तीही चढवा की!