बुलेट, बीएसए आणि १८५७ चं काडतूस: एका फॉरवर्डची चिरफाड

गेले काही दिवस एक लांबलचक मजकूर घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. वर तिरंगा, मध्ये मंगल पांडेंचं चित्र, खाली लाल अक्षरांत ‘बुलेट घेण्याआधी हे वाचा’. असल्या गोष्टी मी न वाचता पुसतो. पण हा आमच्या काकांनी वाचला, नुसता वाचला नाही तर मनावर घेतला, आणि चुलत भावाला बुकिंग रद्द करायला सांगितलं. पोराने वर्षभर पैसे साठवून नंबर लावला होता. फोनवर समजावताना घसा कोरडा पडला, तेव्हा आता लिहूनच काढतो.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. ज्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून १८५७ पेटलं, ती बनवणारी कंपनी म्हणजेच आजची रॉयल एन्फिल्ड. ‘मेड लाइक अ गन’ हे तिचं ब्रीद म्हणजे कबुलीजबाबच. बुलेटचं इंजिन बंदुकीच्या नळीच्या पोलादाचं, म्हणून तिचा बार निघतो, आणि तसा बार काढणं हा मालकाचा मूळ हक्क. भारत स्वतंत्र झाल्यावर गोऱ्यांच्या बंदूक कंपन्या बुडाल्या आणि टाइपरायटर, करवती, मोटरसायकली असे मुखवटे घालून परत आल्या. तुमचा पैसा अजूनही बंदुकांतच जातो. आणि शेवटी सल्ला: जुनी ब्रिटिश ढंगाची गाडी हवीच असेल तर भारतीय मालकाने विकत घेतलेली, बंदुकांशी काडीचा संबंध नसलेली बीएसए घ्या.

तो शेवटचा सल्ला वाचून मी कपाळावर हात मारला. त्याकडे येतोच. आधी १८५७.

एन्फिल्ड हे लंडनच्या उत्तरेला असलेल्या गावाचं नाव. तिथे ब्रिटिश सरकारचा बंदुकांचा कारखाना होता, रॉयल स्मॉल आर्म्स फॅक्टरी. सरकारी, आपल्याकडच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांसारखा. १८५३ च्या नमुन्याची रायफल या गावाच्या नावाने ओळखली गेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला या रायफलीचं शिक्षण द्यायला डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे केंद्रं उघडली. दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेली, कागद दाताने फाडायचा, दारू नळीत ओतायची, मग वंगण लावलेल्या कागदासकट गोळी आत ठासायची. ते वंगण गाई-डुकराच्या चरबीचं असल्याची बातमी डमडमहून पसरली आणि पुढचं सगळ्यांना पाठ आहे. २९ मार्चला बराकपूर, १० मेला मीरत.

आता रॉयल एन्फिल्ड. ती लंडनजवळची नाहीच. ती बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला असलेल्या रेडिच गावची. रेडिच कशासाठी प्रसिद्ध होतं? सुयांसाठी. शिवणकामाच्या सुया. जॉर्ज टाउनसेंड नावाच्या माणसाचा तिथे सुयांचा धंदा होता, पुढे तो सायकलींचे भाग आणि सायकली बनवू लागला. धंदा बसला, तेव्हा १८९१ मध्ये अल्बर्ट ईडी आणि रॉबर्ट वॉकर स्मिथ या दोघांनी तो हाती घेतला. १८५७ नंतर चौतीस वर्षांनी. हे मी माझ्या मनचं सांगत नाही, कंपनीच्या स्वतःच्या प्रसिद्ध केलेल्या इतिहासात पहिल्याच काही ओळींत आहे, आणि माझी सगळी भिस्त त्यावरच आहे. बंदुकीचा वारसा लपवायचाच असता तर तोच इतिहास सांगत त्यांनी इतक्या टी-शर्टांवर तोफ छापली नसती. तेव्हा वारसाच काढायचा तर बुलेट सुईची वारस, बंदुकीची नव्हे.

बरं, अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करतो. या ईडी-स्मिथ जोडीला एन्फिल्डच्या सरकारी कारखान्याकडून रायफलींचे सुटे भाग बनवायचं काम मिळालं. त्या आनंदात त्यांनी आपल्या सायकलीला ‘एन्फिल्ड’ नाव दिलं, लगेच ‘रॉयल’ जोडलं, आणि १८९३ च्या सुमारास ‘मेड लाइक अ गन’ हे ब्रीद लावलं. म्हणजे बंदुकांशी संबंध होता का? होता, सुटे भाग पुरवणाऱ्याचा. गिऱ्हाइकाचं नाव आपल्या मालाला लावायचं, ही जाहिरातबाजी तेव्हाही चालायची. पहिली मोटरसायकल आली १९०१ मध्ये आणि ‘बुलेट’ हे नाव १९३० च्या दशकात. मंगल पांडेंना ज्या रायफलीचा राग होता तिच्याशी या गाडीचा बादरायण संबंधसुद्धा जोडता येत नाही.

खऱ्या एन्फिल्ड कारखान्याचं काय झालं? त्याने पुढे ली-एन्फिल्ड ही थ्री-नॉट-थ्री बनवली, जी आपल्या पोलिसांच्या खांद्यावर परवा-परवापर्यंत दिसायची. १९८८ मध्ये तो बंद पडला. आज त्या जागेवर घरं आहेत. थ्री-नॉट-थ्री तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बंगालमध्ये इशापूरलाही बनत होती, आणि स्वतंत्र भारताने ती बनवणं चालूच ठेवलं.

आता येतो त्या सल्ल्याकडे. बंदुकांशी काडीचा संबंध नसलेली बीएसए!

बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. कंपनीच्या नावातच हत्यारं आहेत. तिचं जुनं बोधचिन्ह पाहा: तीन रायफली, दस्ते जमिनीला टेकवलेल्या, नळ्या वर एकमेकींना टेकवून उभ्या. सैनिक विश्रांतीला थांबले की बंदुका अशा रचून ठेवतात. हे चिन्ह टाकीवर मिरवत लाखो मोटरसायकली जगभर फिरल्या. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने एकदा चित्र उघडून पाहिलं असतं तरी भागलं असतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. १८५० च्या दशकात ब्रिटिश सरकारला लागणाऱ्या बंदुकांचा मोठा हिस्सा बर्मिंगहॅमचे कारागीर हाताने बनवून पुरवत. क्रिमियाच्या युद्धासाठी १८५४ मध्ये तिथल्या बंदूककारांनी एक संघ केला. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीसुद्धा या मंडळींनी मोठ्या संख्येने बनवल्या. एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकेहून यंत्रं आणून त्याच रायफलीचं यांत्रिक उत्पादन जोरात सुरू झालं ते १८५७ च्या आसपास. हाताने घासून-पुसून बंदूक जुळवणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. तेव्हा त्यांतल्या चौदा जणांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन यंत्रांचा कारखाना काढायला कंपनी काढली, आणि स्मॉल हीथ भागात तो उभा राहिला. हीच बीएसए.

म्हणजे काका, १८५७ च्या रायफलीशी कुठल्या मोटरसायकलीचं खरंखुरं नातं असेल तर ते या बीएसएचं आहे. जिच्यावर बहिष्कार घालायचा ती सुईवाली, आणि जी घ्यायची ती खुद्द रायफलवाल्यांची. ही आगीतून फुफाट्यातसुद्धा नाही, फुफाट्यातून थेट आगीत उडी झाली. (आणि ज्या बीएसए एसएलआर सायकलवरून तुम्ही नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत ऑफिसला जायचात, तिच्या नावातलं बीएसए तेच. तेव्हा कोणी राष्ट्रद्रोही म्हटलं नाही तुम्हाला.)

मग बीएसए वाईट का? मुळीच नाही. मला तर या सगळ्यांत तिचीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. बंदुकांचं काम आटलं तेव्हा १८८० च्या सुमारास तिने सायकलीकडे मोर्चा वळवला. बंदुकीचे भाग एकमेकांत चपखल बसवणाऱ्या हातांना आणि यंत्रांना सायकलीचा हब, बेअरिंग, चेनचाक काही अवघड नव्हतं. १९१० मध्ये मोटरसायकल आली. पहिल्या महायुद्धात पुन्हा रायफली, पंधरा लाखांच्या वर. दुसऱ्या महायुद्धात रायफलीही आणि सव्वा लाखाच्या आसपास एम-२० मोटरसायकलीही. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी स्मॉल हीथच्या कारखान्यावर बाँब टाकले, त्यात ५३ कामगार गेले. १९५१ मध्ये तिने ट्रायम्फ विकत घेतली आणि त्या दशकात जगातली सगळ्यात मोठी मोटरसायकल कंपनी म्हणून ती मिरवत होती. वीसेक वर्षांत सगळं संपलं. जपानी गाड्या बटण दाबलं की सुरू व्हायच्या आणि खाली तेलाचं थारोळं करायच्या नाहीत. बर्मिंगहॅमला मात्र गिऱ्हाईक किक मारत बसेल आणि गाडीखाली पुठ्ठा ठेवेल अशी खात्री होती. १९७३ मध्ये कंपनी मोडीत निघून दुसऱ्या समूहात विरघळली.

उरलं ते नाव, आणि त्या नावाचेही तीन संसार झाले. सायकलीवरचं नाव आपल्याकडे मद्रासच्या मुरुगप्पा समूहाच्या टीआय सायकल्सकडे. छऱ्याच्या बंदुकांवरचं नाव १९८६ पासून गामो या स्पॅनिश कंपनीकडे. मोटरसायकलीवरचं नाव २०१६ मध्ये क्लासिक लेजंड्सने घेतलं, ज्यात महिंद्रांचा मोठा वाटा आहे. किंमत सुमारे ३४ लाख पौंड अशी बातमी तेव्हा होती. २०२१ च्या अखेरीस तिने गोल्ड स्टार हे जुनं नाव नव्या गाडीवर लावून बाजारात आणलं, आणि २०२४ च्या १५ ऑगस्टला ती भारतात आली. स्वातंत्र्यदिनी, बर्मिंगहॅमच्या बंदूककारांच्या नावाची गाडी! यावर कुणाला फॉरवर्ड लिहायचा असेल तर निदान त्यातली माहिती तरी खरी असेल.

या साऱ्या घोळाचं मूळ एकच. अशा जुन्या कंपन्यांत नाव एकीकडे जातं, कारखाना दुसरीकडे, पैसा तिसरीकडे. फॉरवर्डवाले नावाचं शेपूट धरतात आणि सुतावरून स्वर्ग गाठतात.

स्वातंत्र्यामुळे या कंपन्या बुडाल्या म्हणे. रॉयल एन्फिल्डच्या बाबतीत झालं बरोब्बर उलटं. स्वतंत्र भारताच्या लष्कराला सरहद्दीवरच्या गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती, बुलेट पसंत पडली, आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, काही वर्षांत इंग्लंडमधली मूळ कंपनीही गेली, आणि बुलेट मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरला बनतच राहिली. १९९४ मध्ये आयशरने एन्फिल्ड इंडिया ताब्यात घेतली. इंग्रजांची कंपनी मेली आणि आपली जगली. अभिमानच मिरवायचा तर फॉरवर्डवाल्याला हा मुद्दा फुकटात मिळाला असता.

बंदुकीच्या नळीचं पोलाद आणि बाराचा हक्क. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो वाचून गल्लीतली पोरं सायलेन्सर बदलतात. जुन्या ३५० बुलेटच्या एकुलत्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. लांब धावेचं, जड फ्लायव्हीलचं, सावकाश फिरणारं इंजिन. एकेक ठोका सुटा ऐकू येतो, तोच तो ‘धक् धक्’. पोलादाचा काही संबंध नाही. आणि चालत्या गाडीची चावी बंद-चालू करून जो फटाका काढतात, तो न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटल्याचा. त्यात कसला आलाय वारसा! मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाची मर्यादा मोडली तर पहिल्याच खेपेला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपल्याकडचे पोलीस असले सायलेन्सर ओळीने मांडून रोडरोलरखाली घालतात. तिथे ‘मेड लाइक अ गन’ म्हणून दाखवा.

टाइपरायटर आणि करवतींबद्दल फार वेळ घालवत नाही. रेमिंग्टन बंदूकवालीच, १८१६ पासूनची. तिने १८७० च्या दशकात टाइपरायटर काढला आणि १८८६ मध्ये तो धंदा विकूनही टाकला. म्हणजे टायपिंग क्लासला रेमिंग्टन मराठी कीबोर्डवर बोटं बडवणाऱ्या कुणाच्याही फीचा आणि बंदुकांचा संबंध पणजोबांच्या आधीच तुटलाय. बंदूकवाली रेमिंग्टन २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली, दुसऱ्या वेळी तुकड्या-तुकड्यांनी लिलावात विकली गेली. हस्कवर्ना ही स्वीडनची, १६८९ पासूनची सरकारी बंदुकांची परंपरा; मग शिवणयंत्रं, सायकली, मोटरसायकली, करवती. मोटरसायकलीचा धंदा १९८७ मध्येच विकला गेला आणि तेव्हापासून हात बदलत राहिला. चाकणला बजाजच्या कारखान्यात हस्कवर्ना नावाच्या गाड्या बनतात हे खरं. तिथून रायफली निघतात हे ज्याने लिहिलं त्याने चाकणचा ट्रॅफिक पाहिलेला नाही.

आणि ब्रिटिश बंदूक कंपनी भारतात परत आल्याचा रागच करायचा असेल तर खरं उदाहरण मी देतो. वेब्ली. साम्राज्याच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला लटकणारं रिव्हॉल्व्हर तिचं. २०२० मध्ये वेब्ली अँड स्कॉटचं .३२ रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे भारतीय भागीदाराबरोबर बनणार असल्याचं जाहीर झालं. मुखवटा नाही, सायकल नाही, सुई नाही. तेच नाव आणि तोच माल, परवान्यावर विकायला. त्याचा फॉरवर्ड मला अजून एकाही ग्रुपवर आलेला नाही.