'कुटुंबात कागद नसतो' म्हणणाऱ्यांना उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका संस्थेत माझी धाकटी बहीण नुकतीच तालुका समन्वयक झाली. अभिनंदनाच्या मेसेजांसोबत वेगवेगळ्या ग्रुपांवरून तिच्याकडे एकच फॉरवर्ड आला: 'सेवाभावी संस्थेच्या नव्या प्रमुखासाठी पाच सोनेरी नियम'. तिने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, असंच करा लागते काय?"

नाही. यातलं जवळपास काहीच करायचं नाही. आणि नवी पोरं हे वाचून माणसं सांभाळायला शिकणार असतील, तर गप्प बसणं मला जमणार नाही.

ते पाच नियम असे. संस्था हे कुटुंब आहे, कुटुंबात लेखी काही नसतं, तक्रार आतल्या आत मिटवा. गांधीजींच्या आश्रमातही म्हणे असंच चालायचं. फिल्डवर न सांगता जा आणि चुकलेल्याला सगळ्यांसमोर झापा, म्हणजे धाक राहतो. कालच्या सोबत्यांशी मैत्री तोडा. सुट्टी मागतो तो खरा कार्यकर्ता नव्हे. फंड संपत आला तरी शेवटपर्यंत सांगू नका, नाहीतर माणसं पळतात.

पहिला नियम सगळ्यांत घातक, म्हणून त्याच्याबद्दलच जास्त बोलतो. आधी गांधीजी. १९१५ साली अहमदाबादला कोचरबमध्ये आश्रम सुरू झाला तेव्हा नियमावलीचा मसुदा तयार करून मित्रांकडे मतासाठी पाठवला होता. कलकत्त्याचे न्यायमूर्ती राहिलेल्या सर गुरुदास बॅनर्जींनी त्यात नम्रतेचं व्रत घाला असं सुचवलं, ही आठवण गांधीजींनी स्वतः लिहून ठेवली आहे. म्हणजे नियम कागदावर होते आणि बाहेरच्यांनाही दाखवले होते. सेवाग्राम आपल्या उशाशी असताना आपणच त्यांच्या नावावर काहीही खपवावं, याचा संताप येतो.

लेखी नसलं की काय होतं ते फिल्डवरच्या माणसाला विचारा. पेट्रोलचा दर तोंडी ठरलेला. महिनाभर पांढरकवडा ते झरी गाडी पळवायची, प्रवासखर्चाचं (टीए) बिल टाकायचं, आणि मग ऐकायचं, "एवढं तर ठरलंच नव्हतं." नेमणूकपत्र, कामाचं स्वरूप, प्रवासाचा दर, रजेचे नियम, एवढे कागद प्रत्येकाच्या हातात आहेत की नाहीत हे पाहणं नव्या समन्वयकाचं पहिलं काम आहे. नसतील तर वर मागायला तोच गेला पाहिजे, कारण हाताखालचा माणूस मागायला भितो.

आता 'तक्रार आतल्या आत मिटवा'. आपल्याकडे गावातल्या बैठका संध्याकाळीच होतात, दिवसभर बाया कापूस वेचायला गेलेल्या असतात. बचत गटाची बैठक आटोपून आपली कार्यकर्ती अंधारात संस्थेच्या जीपने परतते. तिथे तिच्याशी कुणी वावगं वागलं तर ते आतल्या आत मिटवायचं? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा एकदा वाचा. स्वयंसेवी संस्था, ट्रस्ट, सोसायटी यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. पगार घेणारी असो, मानधनावरची असो की फुकट काम करणारी स्वयंसेविका, तिघींनाही तो लागू आहे. कामानिमित्त जिथे जावं लागतं ते गाव आणि संस्थेने दिलेली गाडी, हेसुद्धा कामाचंच ठिकाण. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती लेखी आदेशाने नेमावी लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. माणसं कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. समेट करता येतो, पण तिने स्वतः मागितला तरच, आणि पैशांवर तो करताच येत नाही. समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. 'संस्थेचं नाव खराब होईल' म्हणून बाईला गप्प बसवणारा समन्वयक संस्था वाचवत नाही, तिला आणि संस्थेला दोघांनाही खड्ड्यात घालतो.

धाकाचं उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या आरोग्य संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत तिथल्याच बायांना नवजात बाळांची घरोघरी काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नवजात बाळांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक कमी झाले होते. त्या कामात पर्यवेक्षण ढिलं नव्हतं. डॉक्टर गावात जायचे, नोंदी पडताळायचे, चुकलेलं तिथेच शिकवायचे. कमी शिकलेल्या बाईने बाळाला न्यूमोनिया आहे हे ओळखून औषध देण्याइतका भरवसा त्यातून आला. चारचौघांत पाणउतारा झालेला माणूस पुढच्या महिन्यात सुधारत नाही, तो रजिस्टर घरी बसून भरायला लागतो. आणि गावासमोर त्याची पत गेली की त्या गावातलं तुमचं कामही गेलं. चूक सांगायचीच, पण बाजूला घेऊन, त्याच दिवशी, नेमकं काय चुकलं ते दाखवून.

मैत्रीच्या नियमात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. काल सोबत टपरीवर चहा पिणारा आज तुमच्याकडे रजेचा अर्ज देतो, तेव्हा काही गोष्टी बदलाव्याच लागतात. एकाबद्दल दुसऱ्यापाशी बोलणं बंद, मित्राचं बिल आधी पास करणं बंद. पण मैत्री तोडून काय मिळवणार? गावात काय शिजतंय हे तुम्हाला तोच सांगणार आहे.

सुट्टीबद्दल फार बोलायची गरज नाही. आपले कार्यकर्ते शेतकऱ्यांच्या घरचे. सोयाबीनची सोंगणी आली की चार दिवस लागणारच. पाळ्या आधी लावा, विषय संपला.

राहिला फंड. प्रकल्प ३१ मार्चला संपणार हे समन्वयकाला बरंच आधी माहीत असतं. हाताखालच्यांनाही ते अंदाजाने कळतंच, पण अफवा म्हणून, आणि अफवेत सगळ्यांत चांगला माणूस सगळ्यांत आधी जातो. निदान जानेवारीत सगळ्यांना एकत्र बसवून स्पष्ट सांगा: पुढचा प्रस्ताव कुठे अडला आहे, कोणाची जागा नक्की आहे, कोणाची नाही. ज्यांची नाही त्यांची अनुभवपत्रं मार्चआधी तयार ठेवा, थकलेली बिलं काढा, आणि शेजारच्या तालुक्यात कुठे जागा निघत असेल तर त्यांच्यासाठी स्वतः फोन करा.