तीन मूर्तींतला आपला एक

आज १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी हुतात्मा स्मारकापाशी झेंडावंदन झालं. चहा घेताना मी दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या शिपायांच्या पुतळ्यांचा विषय काढला, तर एक शिकलासवरलेला पोरगा म्हणतो, "काका, निजामाच्या शिपायाचा पुतळा तो. आपल्याला काय त्याचं?" तेव्हापासून डोकं तापलंय.

माझे आबा अठराव्या वर्षी हैदराबाद संस्थानाच्या सीमेवरच्या कॅम्पात होते, निजामाच्या बाजूच्या रझाकारांशी लढायला. आमच्या घरात निजामाचं नावही कुणी काढायचं नाही. तेच आबा दिल्लीला त्या चौकात टोपी काढून उभे राहिले. त्यांचे वडील हैदराबाद लान्सर्समध्ये, म्हणजे निजामाच्या घोडदळात, सईस; घोड्यांची निगा राखायचे. पहिल्या महायुद्धात घोड्यांसोबत पार इजिप्तला गेलेले. आबा एवढंच म्हणाले, "बापाची पलटण हाय ही."

लेनर्ड जेनिंग्स या शिल्पकाराने घडवलेले ते तीन ब्राँझचे शिपाई हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूरचे आहेत. सिनाई, पॅलेस्टाईन, सीरियात मेलेल्या संस्थानी घोडदळाचं ते स्मारक. नेहरू राहायचे त्या बंगल्याला नाव यांच्यावरून पडलं, हे तरी किती जणांना ठाऊक आहे? २०१८ला चौकाच्या नावात हैफा, म्हणजे आजच्या इस्रायलमधल्या शहराचं नाव, आलं, तेव्हा चार दिवस टीव्हीवर गाजलं. मराठवाड्यात कुणाला पत्ता नाही.

हो, २३ सप्टेंबर १९१८ला हैफावर जी दौड झाली ती जोधपूर-म्हैसूरच्या स्वारांची, हैदराबादचे त्यात नव्हते. मान्य. निजाम इंग्रजांचा दोस्त, लढाई इंग्रजांची, तेही मान्य. पण सुएझ कालव्याच्या वाळूत उभी राहिलेली माणसं काय निजामाच्या घरची होती? हैदराबाद संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांतले पाच आपले. त्या घोड्यांच्या दाण्यात आपल्या बापजाद्यांचा शेतसारा होता. निजामाशी भांडण होतं ते आबांनी जीव धोक्यात घालून भांडलं. त्यांना टोपी काढताना अडचण वाटली नाही, आणि आपण चहाच्या कपावरून निकाल देणार?

जाऊ दे. त्या पोराला तरी काय बोलू? त्याला हे कुणी सांगितलंच नाही. उद्या घरी बोलावतो त्याला.

आबांचं एक सांगायचं राहिलं. तिथले शिपाई पायउतार आहेत, नुसते उभे. आबा त्या खांबाला तीनदा फेरी मारून आले आणि मला हळूच विचारलं, "लेकरा, घोडं कुठंय?"