19 लिटर फेस

घरच्या बिअरसाठी माल्ट उकळलं, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं टाकली, यीस्टचे नखरे सोसले, फर्मेंटरचं झाकण उघडून बघायचा मोह तीन आठवडे आवरला. 19 लिटरचा केग, म्हणजे बिअरचं नळवालं पिंप, भरला. मग नळ ओढला आणि ग्लासात काय? फेस. काठापासून तळापर्यंत नुसता पांढरा फेस, आणि तो बसला की खाली दोन बोटं मिळमिळीत बिअर, कारण तिच्यातला गॅस त्या फेसातच उडून गेला. दाढी करायला घेऊ का?

ज्याला सांगावं तो एकच मंत्र पुटपुटतो. ‘प्रेशर कमी कर.’

अरे, काय कमी कर? केग फ्रिजमध्ये 4 अंशांवर आहे, गॅसच्या 12 पीएसआय दाबावर दोन आठवडे शांतपणे मुरलाय. म्हणजे लिटरभर बिअरमध्ये साधारण अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलाय. तो आत टिकतो तो वरच्या दाबाच्या जोरावर. हेन्रीचा नियम 1803 सालापासून छापलेला आहे, काल रात्री मी शोधला नाही! दाब 4 वर आणला की पहिल्या दिवशी धार हळू पडते, आपण खूश. मग तोच गॅस बिअरमधून सुटायला लागतो आणि सुटतो कुठे, तर नळीत. फेस आहे तो आहेच, वर आठवडाभरात उरलेला केगही मिळमिळीत. हा सल्ला मी ऐकला. एकदा नाही, दोनदा ऐकला, म्हणून जास्त चीड येते.

खरा चोर ती केगपासून नळापर्यंतची नळी आहे. केगच्या किटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘सगळं आत आहे’, आणि आत नळी किती? एक मीटर. 5 मिलिमीटर भोकाच्या नळीला 12 पीएसआयसाठी तीनेक मीटर लांबी लागते. लांब नळीत बिअर घासत घासत येते, दाब वाटेतच खर्ची पडतो आणि ती नळाशी गुमान पोचते. एक मीटरमध्ये ती पिसाळल्यासारखी बाहेर पडते. दोन मीटर प्लास्टिक वाचवून कोणाचा बंगला होणार होता?

मान्य, पहिल्या केगला चूक माझीच होती. 30 पीएसआय लावून केग मांडीवर घेतला आणि गदागदा हलवला. पी हळद अन् हो गोरी. त्याची शिक्षा भोगली: गॅसची नळी काढून दोन दिवस व्हॉल्व्ह ओढत बसलो, फुस्स, फुस्स. पण या वेळी मी सगळं नियमाने केलं होतं हो!

आणि तो कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. त्याच्या तोंडावरचा काटा म्हणजे शुद्ध थापाड्या. आत द्रवरूप गॅस आहे तोवर सिलिंडर भरलेला असो की संपत आलेला, काटा तिथेच. द्रव संपला की मग एकदम खाली. किती उरलाय ते कळायला सिलिंडर वजनकाट्यावरच ठेवावा लागतो. मागच्या महिन्यात रात्री काटा हिरव्यात बघून झोपलो, सकाळी शून्य. साबणाचं पाणी लावून बघितलं तर केगला गॅस जोडायच्या तोंडावरच्या रबरी रिंगजवळ एक बुडबुडा, तांदळाच्या दाण्याएवढा, संथपणे फुगतोय, फुटतोय. अख्खा सिलिंडर त्या बुडबुड्याने गिळला. तेव्हापासून केग जोडला की आधी साबण. बिअर बनवतोय की धुणं धुतोय, कळत नाही.

(‘पहिला ग्लास फेसाळणारच, नळ फ्रिजबाहेर असतो, गरम असतो’ हेही मला सांगू नका. पहिला ठीक आहे. मी सातव्या ग्लासाबद्दल बोलतोय.)

तर तीन मीटर नळी आणली. फ्रिजच्या आतच गुंडाळून ठेवायची, म्हणजे तीही गार राहील. आता ही जुनी बया तोटीवरून निघेना. क्लॅम्प काढला, पिळली, ओढली, शिव्या दिल्या. एवढीशी नळी, पण धरून बसायला मात्र पटाईत. पाणी गरम करायला ठेवलंय. त्यानेही नाही निघाली तर सुरी आहेच.